मोटारगाडीचा पुढील दिवा

रात्री किंवा धुक्यात गाडीपुढील रस्ता दिसावा आणि समोरून येणाऱ्यास गाडीचे अस्तित्व व रुंदी कळावी, या हेतूने मोटारगाडीच्या दर्शनी भागावर दोन्ही बाजूंस बसविलेला झोताचा दिवा. व्यवहारात यास हेडलाइट म्हणतात. प्रकाश देणारा बल्ब, त्या प्रकाशाची शलाका करणारा परावर्तक आणि ती शलाका रस्त्यावर हवी तशी पसरविणारी काच हे त्याचे तीन मुख्य भाग होत. यांपैकी परावर्तक व काच गाडीच्या आयुष्याइतके टिकू शकतात. तंतूचा बल्ब मात्र काही शे तास जळून निकामी होतो. त्यामुळे दिवा किती प्रखर झाला याइतकाच, निकामी झालेला भाग कोणी, कोठे व किती खर्चाने बदलावयाचा हा प्रश्नही या दिव्याच्या इतिहासात महत्त्वाचा आहे. हे काम दीर्घकाळ घरचे होते; अलीकडच्या गाड्यांत ते घराबाहेर चालले आहे. प्रस्तुत नोंदीत ही हकीकत मुख्यतः नागपूरच्या महाल भागाच्या अनुषंगाने दिली आहे.

महाल भाग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. पहिल्या रघूजी भोसल्यांनी अठराव्या शतकात नागपुरास राजधानी केल्यावर राजवाड्याभोवती जी वस्ती वाढली, ती महाल या नावाने ओळखली जाऊ लागली. गांधी दरवाजा, कोतवाली, बडकस चौक या परिसरातील जुन्या गल्ल्या पालखी, घोडा आणि बैलगाडी यांच्या मापाने पडलेल्या आहेत. उलट, याच शहरावरून श्रीनगर–कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग क्र. ४४ आणि पूर्व-पश्चिम जाणारा क्र. ५३ हे मोठे मार्ग जातात. एकाच गाडीस तासाभराच्या अंतराने अरुंद गल्लीत माणसांच्या डोळ्यांवर झोत न टाकता चालावे लागते आणि महामार्गावर शंभर मीटरांपलीकडचे पाहावे लागते. दिव्याकडून असणाऱ्या या दोन परस्परविरोधी अपेक्षा हाच त्याच्या रचनेतील मूळ पेच आहे.

मोटारपूर्व काळ : भोसल्यांच्या काळी रात्री मानाची स्वारी निघाली की पुढे मशालची चालत. सामान्य माणूस हातात कंदील घेई, आणि विदर्भातील रेंगी, दमणी वा छकडा यांच्या आसाखाली कंदील टांगलेला असे. हा कंदील वाट दिसण्यासाठी क्वचितच उपयोगी पडे. वाट बैलांना ठाऊक असे. गाडी आहे, हे इतरांना कळावे एवढेच त्याचे काम. टांग्याच्या दोन्ही अंगांचे दिवेही याच जातीचे होत. दिव्याने पुढचे दाखवावे ही गरज वेगामुळे उत्पन्न झाली. ताशी पाच किमी. वेगाने जाणाऱ्याला दहा पावलांवरचा खड्डा दिसला तरी पुरते. ताशी साठ किमी. वेगाची गाडी सेकंदाला सुमारे सतरा मीटर जाते आणि चालकाला भान येऊन ब्रेक दाबेपर्यंतच तेवढे अंतर संपते.

तेल, वायू आणि वीज : १८९८ च्या सुमारास मुंबईत मोटारगाड्या दिसू लागल्या, तेव्हा जगभर या गाड्यांवर रॉकेलचे किंवा ॲसिटिलीन वायूचे दिवे असत. ॲसिटिलीनचा शोध एडमंड डेव्ही यांनी १८३६ मध्ये लावला होता. पण कॅल्शियम कार्बाइड स्वस्तात तयार करण्याची रीत टॉमस विल्सन यांना १८९२ मध्ये सापडल्यावरच तो दिव्यासाठी परवडू लागला. दिव्याच्या खालच्या कप्प्यात कार्बाइडचे खडे आणि वरच्या कप्प्यात पाणी. पाणी थेंब थेंब पडू लागले की वायू निघून तोटीशी पांढरीशुभ्र ज्योत जळे. वाऱ्यापावसात ती रॉकेलच्या ज्योतीपेक्षा चांगली टिकाव धरी. मात्र दुसऱ्या दिवशी खालच्या कप्प्यातील चुन्याचा गाळ काढणे, तोटी टोचून मोकळी करणे, परावर्तकावरील काजळी पुसणे ही कामे चुकत नसत. मोटार बाळगणारे मालगुजार, वकील किंवा अधिकारी ती स्वतः करीत नसले, तरी त्यांचा चालक ती दारातच करी. दिव्याची निगा हे त्या काळी कारखान्याचे काम नव्हतेच.

विजेचा पुढील दिवा १८९८ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया या विजेवर चालणाऱ्या गाडीवर प्रथम आला. कार्बनचा तंतू हादऱ्यांनी तुटे आणि वीज साठविण्याची सोय तोकडी होती, म्हणून तो लगेच रुजला नाही. त्याचा मार्ग टंगस्टनने मोकळा केला. युस्ट व हानामान यांनी १९०४ मध्ये टंगस्टनाच्या तंतूचे एकस्व घेतले. विल्यम कूलिज यांनी १९१० मध्ये या ठिसूळ धातूची लवचिक तार काढून दाखविली. १९१३ मध्ये अर्विंग लँगम्यूर यांनी पीळ दिलेला तंतू अक्रिय वायूत ठेवून त्याचे बाष्पीभवन मंदावले. दरम्यान १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीत जनित्र, विद्युत् घटमाला, आरंभक आणि दिवे यांची एकत्र योजना झाली होती. फोर्ड कंपनीच्या टी प्रतिमानाला १९१५ मध्ये विजेचे दिवे मिळाले, पण ते चक्राला जोडलेल्या मॅग्नेटोवर चालत. एंजिन मंदावले की दिवाही मंदावे. म्हणजे अवघड वळणावर, जेथे गाडी हळू चालवावी लागे, नेमका तेथेच अंधार होई. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये आणि फोर्डने १९३० नंतर भारतात गाड्यांची जुळणी सुरू केली, तोपर्यंत घटमालेवर चालणारा विजेचा दिवा सर्वमान्य झाला होता.

दोन तंतूंचा बल्ब : पुढील दिव्याचा परावर्तक अन्वस्ताच्या आकाराचा असतो. त्याच्या नाभीवर तंतू ठेवला, तर प्रकाशकिरण समांतर होऊन दूर जातात. तंतू नाभीपासून किंचित हलविला की झोताची दिशा बदलते. याच गुणधर्माचा उपयोग करून ओस्राम कंपनीने १९२४ मध्ये एकाच काचेत दोन तंतू असलेला बल्ब आणला. एक तंतू नाभीशी, लांबच्या झोतासाठी. दुसरा थोडा पुढे, त्याखाली धातूची इवलीशी पन्हळ, जेणेकरून परावर्तकाच्या खालच्या अर्ध्या भागावर प्रकाश पडू नये आणि उरलेला झोत खाली वळावा. चालकाने कळ दाबली की एक विझतो, दुसरा लागतो. भारतीय गाड्यांत ही कळ पुष्कळ वर्षे पायाखाली असे. मालमोटारींच्या पाठीवर रात्री डिपर वापरण्याची विनंती आजही रंगविलेली दिसते, ती या दुसऱ्या तंतूसंबंधीची आहे.

या रचनेत अचूकपणाला फार मोल आहे. परावर्तकाचे नाभ्यंतर २५ मिमी. धरल्यास तंतू १ मिमी. सरकल्याने ५० मी. अंतरावर झोत सुमारे २ मी. वर किंवा खाली जातो, म्हणजे रस्त्यावरून थेट समोरच्या माणसाच्या तोंडावर. आरंभीच्या दिव्यांत बल्ब बदलल्यावर मागचा स्क्रू फिरवून तंतू नाभीवर आणावा लागे आणि हे काम सरावाचे होते. पुढे बल्बच्या बुडाला ठराविक मापाची धातूची कडी व तिला खाचा आल्या. तंतू कारखान्यातच त्या कडीपासून नेमक्या अंतरावर जोडलेला असतो आणि खाचांमुळे बल्ब एकाच रीतीने बसतो. सामान्य मालकाला घरी बल्ब बदलता येऊ लागला तो प्रामुख्याने या कडीमुळे. दिव्यांच्या इतिहासांत प्रखर प्रकाशाच्या शोधकांची नावे येतात, या कडीचा उल्लेख क्वचितच होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते तिचे महत्त्व कमी नाही.

अमेरिकेने निराळी वाट धरली. तेथे १९४० पासून तंतू, परावर्तक व काच एकत्र सांधलेला, ७ इंच (सुमारे १७·८ सेंमी.) व्यासाचा बंदिस्त दिवा सक्तीचा झाला. तंतू तुटला की सबंध दिवा टाकून द्यावयाचा. परावर्तक गंजत नाही आणि कोणत्याही गावी एकच दिवा सर्व गाड्यांना चालतो, हे त्याचे लाभ खरे होते. मात्र नवा बल्ब स्वीकारण्यास तेथे १९८३ उजाडावे लागले. यूरोपात बल्ब वेगळाच राहिला आणि त्यामुळे सुधारणाही तेथेच झाल्या : १९५७ मध्ये रस्त्याच्या कडेकडील बाजूस किंचित वर चढणारा असममित झोत, १९६२ मध्ये एक तंतूचा हॅलोजन बल्ब (एच-१) आणि १९७१ मध्ये दोन तंतूंचा हॅलोजन बल्ब (एच-४).

हॅलोजन बल्बमध्ये तापलेल्या तंतूपासून सुटणारे टंगस्टन हॅलोजनाशी संयोग पावते, तंतूच्या उष्णतेत पुन्हा विघटित होते आणि तंतूवर परत बसते. त्यामुळे काच काळी पडत नाही व तंतू अधिक तापमानाला जाळता येतो. ही क्रिया चालण्यासाठी काचेची भिंत २५०° से.पेक्षा अधिक तापलेली असावी लागते. म्हणून बल्ब लहान व क्वॉर्ट्‌झ काचेचा असतो. एच-४ बल्बचे तंतू १२ व्होल्टला ६० व ५५ वॉटचे असतात. त्यापूर्वीच्या साध्या बल्बचे ४५ व ४० वॉटचे असत.

महालातील गाड्या : वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये मुंबईत स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट (पुढे पद्मिनी), १९५७ मध्ये आलेली हिंदुस्तान मोटर्सची अँबॅसडर आणि महिंद्रची जीप यांच्याच बळावर मध्यमवर्गाला मोटारगाडी ठाऊक झाली. महालात गाडी वाड्याच्या आत जाण्याचा प्रश्न बहुधा नसे. दिंडी दरवाजातून माणूस वाकून जातो तेथे अँबॅसडर कशी जाणार? ती ओट्याला लागून रस्त्यावर उभी राही आणि तिची दुरुस्ती सर्वांदेखत होई. अँबॅसडर व जीप यांचा गोल दिवा पुढून उघडे. चकचकीत कड्याचा स्क्रू सोडविला की दिवा हातात येई. मागची जोडणी ओढून, कमानीची पकड सोडवून बल्ब काढीत. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० पासून हेच काम बॉनेट उघडून मागील बाजूने करण्याची पद्धत रूढ झाली. हात घालावयास जागा कमी, पण क्रम तोच : तीन पात्यांची जोडणी ओढणे, रबरी टोपण काढणे, तारेची पकड दाबून बाजूस करणे, जुना बल्ब काढून नवा खाचांत बसविणे. नागपूरच्या उन्हाळ्यात तापून रबरी टोपण ताठर झालेले असले, तर ते बदललेले बरे. अन्यथा पावसाळ्यात दिव्यात पाणी शिरते.

या कामात काही पथ्ये आहेत. दिवा बंद करून, बल्ब थंड झाल्यावरच हात लावावा. नव्या हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नये. बोटांवरील स्निग्धांश तापून त्या जागी काच दुधी होते, फुगते व लवकर फुटते. लागलेच तर स्पिरिटने पुसावे. जुना बल्ब फेकण्यापूर्वी तो न्याहाळणे उपयुक्त असते. काच काळवंडलेली असेल, तर तंतू वयोमानाने झिजला. आत पांढरट भुकटी दिसली, तर हवा शिरली. काच व तंतू धड असतील, तर दोष वितळतारेत, जोडणीत किंवा भूयोजनाच्या तारेत शोधावा. थंड टंगस्टनाचा विद्युत् रोध तापलेल्याच्या सुमारे दहावा-पंधरावा हिस्सा असतो. त्यामुळे दिवा लावण्याच्या क्षणी मोठा प्रवाह जातो व बहुतेक बल्ब त्याच क्षणी जातात. दोन्ही दिव्यांचे तंतू सारखेच झिजलेले असल्याने बल्ब जोडीने बदलणे श्रेयस्कर. बल्बचा प्रकाश व्होल्टतेच्या सुमारे ३·४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. गंजलेल्या जोडणीत दहा टक्के व्होल्टता हरवली, तर जवळजवळ तीस टक्के प्रकाश जातो. पुष्कळ लोक अशा वेळी नवा, अधिक वॉटचा बल्ब आणतात. खरे म्हणजे जोडणीची पाती घासून पुसणे पुरेसे असते.

अधिक वॉटच्या बल्बचा मोह भारतात फार. ६० वॉटचे दोन तंतू मिळून १२ व्होल्टला १० अँपिअर प्रवाह घेतात. १०० वॉटचे दोन घेतले, तर सुमारे १६·७ अँपिअर. मूळच्या तारा व कळ यांना हा भार सोसत नाही. जोडणीचे प्लॅस्टिक वितळते. समोरच्याचे डोळे दिपतात ते वेगळेच.

झोत आणि समोरचा माणूस : दिपण्याचा त्रास टाळण्यासाठी अनेक भारतीय शहरांत दिव्याच्या काचेचा वरचा भाग काळा रंगविण्याची किंवा मधोमध काळा ठिपका देण्याची रीत होती. १९६५ व १९७१ च्या युद्धांत काळोख पाळताना दिव्यांवर कागद चिकटवीत, त्या सवयीचाही तिला हातभार लागला असावा. या रंगाने प्रकाश कमी होई, झोत सुधारत नसे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत याविषयी अधिक नेमकी कसोटी दिलेली आहे. झोत कायमचा खाली वळविलेला किंवा चालकास खाली वळविता येण्याजोगा असावा आणि कायम वळविलेल्या झोताने दिव्यापासून ८ मी. पुढे, ०·५ मी. उजवीकडे व जमिनीपासून १·५ मी. उंचीवर डोळे असलेल्या व्यक्तीस दिपवू नये, अशी ती आहे. दीड मीटर ही साधारणतः पायी चालणाऱ्याच्या डोळ्यांची उंची होय.

म्हणून बल्ब बदलल्यावर झोत तपासणे हा कामाचाच भाग आहे, आणि तोच बहुधा गाळला जातो. सपाट जागी गाडी भिंतीसमोर उभी करून जवळचा झोत लावावा. प्रकाशाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा दर १० मी. अंतरास सुमारे १० सेंमी. खाली हवी. महालातील गल्लीत दहा मीटर सरळ व मोकळी जागा मिळणे कठीण, पण पाच मीटर मिळते. तेथे हे माप ५ सेंमी. होते. गल्ली जेथे वळते तेथील वाड्याची आंधळी भिंत, तीवर खडूची आडवी रेघ आणि हातात स्क्रू फिरविणारा कोणी जाणता शेजारी, एवढ्या सामग्रीवर प्रस्तुत लेखकाने हे काम चोख झालेले पाहिले आहे. कित्येक सुसज्ज कार्यशाळांत ते तितके चोख होत नाही.

एक बल्ब गेलेल्या गाडीचा धोका निराळा, आणि अधिक प्राणघातक आहे. मालमोटारीची रुंदी सुमारे अडीच मीटर असते. भारतात वाहने डाव्या बाजूने जातात. त्यामुळे मालमोटारीचा फक्त डावा दिवा जळत असेल, तर समोरून येणाऱ्यास रस्त्याच्या कडेने येणारी मोटारसायकल दिसते आणि तिच्या उजवीकडे अंधारात असलेला दोन मीटरांचा लोखंडी भाग दिसत नाही. तो ओलांडण्यासाठी आपल्या बाजूस पुरेशी जागा आहे, असा त्याचा समज होतो. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ही चूक दुरुस्त करण्यास वेळ उरत नाही. उजवा बल्ब जाणे हे डावा जाण्यापेक्षा वाईट, ते यामुळे. ज्याच्याजवळ सुटा बल्ब असेल त्याने तो तेथल्या तेथे बदलावा, आणि एकही नसेल तर निदान डावा चालू बल्ब काढून उजवीकडे लावावा, हे जुन्या चालकांचे शहाणपण होते. पुढच्या मुक्कामापर्यंत हळू जाणे मात्र त्यातही गृहीत असे.

बल्बनंतरचे दिवे : झेनॉन वायूतील विद्युत् प्रज्योतीचा दिवा बीएमडब्ल्यू कंपनीच्या गाडीत १९९१ मध्ये आला. तो पेटविण्यास वीस हजार व्होल्टपेक्षा अधिक दाब लागतो. तेव्हा घरी त्याला हात लावणे धोक्याचे. २००७ मध्ये लेक्सस गाडीच्या जवळच्या झोतासाठी प्रकाश उत्सर्जक द्विप्रस्थ, म्हणजेच एलईडी, वापरले गेले. विजेची बचत, दीर्घ आयुष्य व झोताचा हवा तसा आकार हे त्यांचे गुण निर्विवाद आहेत. परंतु पुष्कळ गाड्यांत ते परावर्तक, शीतक पंख व इलेक्ट्रॉनिक मंडल यांसह एकाच पेटीत सांधलेले असतात. एक भाग बिघडला की सबंध पेटी बदलावी लागते आणि तिची किंमत हॅलोजन बल्बच्या कित्येक पट असते. अमेरिकी बंदिस्त दिव्याचा जुना प्रकार येथे परत आला आहे. मात्र त्या वेळी असलेले एकच माप आणि अल्प किंमत हे गुण या वेळी नाहीत.

दुसऱ्या बाजूस, हॅलोजनसाठी घडविलेल्या परावर्तकात बसणारे एलईडी बल्ब बाजारात मिळतात व घरोघरी बसविले जातात. त्यांतील प्रकाश देणाऱ्या चकत्यांचे आकार व जागा तंतूशी तंतोतंत जुळत नसल्याने झोताची कड मोडते. गाडीत बसलेल्यास रस्ता उजळ वाटतो, समोरच्यास काहीच दिसत नाही. महालच्या रस्त्यांवर संध्याकाळी सायकलस्वार कपाळाशी हात धरून थांबतात, ते बहुधा अशाच दिव्यांसमोर.

भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली व त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, भ्रमणध्वनी व घरगुती टिकाऊ वस्तू यांच्या जोडीने मोटारगाड्यांचाही त्यात समावेश आहे. दरम्यान सांधलेली पेटी तापवून उघडणे, आतील चकती बदलून ती पुन्हा बंद करणे, हा नवा उद्योग लहान कारागिरांनी शहरोशहरी आरंभिला आहे. सांधा नीट न बसल्यास पहिल्याच पावसाळ्यात काचेच्या आत बाष्प धरते. अशा दिव्याचा झोतही तपासावा लागतोच, आणि त्यासाठी पूर्वीप्रमाणेच सपाट जागा, पाच मीटर अंतर व एक भिंत एवढेच लागते.